बिब्बा

नाव सोसायटीनंच ठेवलं.
कागदावर आम्ही काहीतरी ऐटबाज लिहिलं होतं,
पण पहिल्याच आठवड्यात ती
सत्यनारायणाच्या चौरंगाचा केळीचा खांब घेऊन पळाली
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीबाई म्हणाल्या,
आली बघा, बिब्बा घालायला.
तोंडही तसंच. काळं, चमकदार,
लागेल तिथं उतणारं.

साडेतीन महिन्यांची मॅलिनॉइ.
मेंढ्या राखणाऱ्यांच्या वंशातली,
आणि आम्ही ऐरोलीत, सेक्टर आठ, पाचशे चाळीस चौरस फूट.
मेंढ्या नाहीत म्हणून ती राखते
माझ्या टाचा, पायजम्याची नाडी, केरसुणी,
आणि रोज संध्याकाळी, का कोण जाणे,
गॅलरीतल्या उन्हाचा शेवटचा तुकडा.

मी वाशीला डायलिसिसच्या मशीनवर असते.
हातमोजे चढवताना ओरखडे चुरचुरतात.
भोईटे आजोबा, मंगळवार-शुक्रवार, खुर्ची चार,
सुयांनी गाठाळलेला आपला हात
माझ्या हाताशेजारी ठेवून विचारतात,
"कोण जास्त टोचून घेतं, सांगा."
मग चार तास तिचीच चौकशी.
आज काय फाडलं?
आज? चष्म्याची दांडी. लाइट बिल.
उपेंद्रचा संयम, बरोबर मधोमध.

उपेंद्र म्हणाला, परत देऊ.
त्याच्या मनगटावर चार ठिपके,
रांगोळीला काढतात तसे, सरळ रेषेत.
मी तिचं तोंड मुठीत धरून "नाही" म्हटलं,
तिला वाटलं, खेळ.
मी ओरडले. तिला वाटलं, मोठा खेळ.
भिंतीकडे तोंड करून रडत बसले
तर माझी वेणी.

शेवटी खरमाळे.
श्वानपथकातून निवृत्त, राहायला दिवा गावात,
डाव्या हाताची करंगळी अर्धी.
पहाटे साडेपाचला खाडीच्या कडेला
चिखलाचा वास, कांदळवनात बगळे अजून झोपेत,
पुलावरच्या दिव्यांना पाण्यात फुटलेली लांब मुळं.
त्यांनी गोणपाटाची वळकटी तिच्यापुढून फरफटत नेली
आणि ती लटकली.
शेपटीपासूनचं सगळं अंग एका दाढेत गोळा झालं.
"बाई, तोंड बंद नाही करायचं.
तोंडाला काम द्यायचं.
काम झालं की 'सोड'. सोडलं की पुन्हा काम.
इतकंच.
पण इतकंच, तीनशे वेळा."

आमच्या घरी, चिपळूणला,
पोरगी तोंडाळ आहे हे
पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे.
गोणपाट कुणी दिलं नाही.

तीनशे कुठले, जास्तच झाले असतील.
सोड. नाही. सोड. नाही.
मी हात निर्जीव करते, दोरी मरून पडते,
मेलेल्या दोरीत तिला रस नसतो.
सोडते. शाब्बास! आणि दोरी पुन्हा जिवंत.
कधी कधी दोघीही चुकतो,
मी घाईत शाब्बास आधी म्हणते, ती दोरीसकट माझी बाही नेते.
एकदा पार्किंगमधून कुणाचं तरी पुडकं घेऊन आली
आणि न सांगता माझ्या पायाशी सोडलं.
आत पापड होते. म्हणजे चुरा.
मी शाब्बास म्हटलं ते दमयंतीबाईंनी ऐकलं.
पापड त्यांचेच.

परवा तिसरी पाळी करून आले.
चार नंबरच्या खुर्चीवर चादर बदललेली होती
आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव.
बूट न काढता दाराशीच बसले.
ती आली. माझं मनगट तोंडात घेतलं.
दुधाचे पडून आलेले नवे दात,
एकेक मोजता आला असता.
जोर नव्हता.
नुसतं धरून होती,
सुई काढल्यावर मी कापूस धरते तसं,
रक्त थांबेल इतकंच.

"सोड" हा शब्द माझ्याकडे होता.
वापरला नाही.